पुन्हा दिवस गेलेत, आणि भीती काही केल्या जात नाही (सोलापूर)

अबोली_जुळे | ५ जानेवारी, रात्री ११.५०

नमस्कार. जुळे सोलापुरात राहते, नवी पेठेत एका कर सल्लागाराकडे नोकरी करते. सध्या सातवा आठवडा चालू आहे. मागच्या वेळी श्रावणात नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके लागले नाहीत. त्याआधी रक्त गेलं नव्हतं, पोट दुखलं नव्हतं, आदल्या रात्रीपर्यंत उलट्या चालू होत्या. मग क्युरेटिंग (गर्भपिशवी साफ करणं) झालं. म्हणजे शरीराने काहीच सूचना दिली नव्हती, त्यामुळे आता मी शरीरावर विश्वास कसा ठेवू हेच कळत नाही.

बाथरूमला गेले की दरवेळी आधी रक्त आहे का बघते. गरज नसताना नुसतं बघायलाही जाते. सकाळी मळमळ कमी वाटली की पोटात गोळा येतो. रात्री तीनला जाग येते, मोबाइल घेते आणि 'आठव्या आठवड्यात ठोके थांबण्याची लक्षणं' वाचत बसते. सोनोग्राफीचं नाव काढलं तरी हात गार पडतात.

घरी नवरा आणि सासूबाई एवढ्यांनाच सांगितलंय. सासूबाई वाईट नाहीत, पण मागच्या वेळी पाणी आलेल्या दिवशी मी घागरी उचलल्या म्हणून पोट पडलं हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. आता तांब्याही उचलू देत नाहीत. आणि सगळ्यांचं एकच, 'टेन्शन घेऊ नकोस, बाळावर परिणाम होतो.' त्यामुळे आता मला टेन्शन येण्याचंच टेन्शन येतं. रडू आलं की वाटतं, झालं, मीच काहीतरी बिघडवलं.

ज्या यातून गेल्यात त्यांनी दिवस कसे काढले? 'पॉझिटिव्ह राहा' हे दोन शब्द सोडून काहीही लिहा.

---

कडकभाकरी | ६ जानेवारी, सकाळी ७.१०

अबोली, मीही यातूनच गेलेय. आता मुलगी बालवाडीत आहे आणि आत्ता माझ्या पायाशी डबा उघडून बसलीय.

सोनोग्राफीचं सांगते. माझी भीती त्या खोलीची होती, त्यातल्या शांततेची. डॉक्टर काही न बोलता मापं घेत राहतात आणि आपण त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत बसतो. दुसऱ्या वेळी मी टेबलावर झोपायच्या आधीच सांगितलं, 'मागच्या वेळी इथेच वाईट बातमी मिळाली होती. आधी ठोके आहेत की नाहीत तेवढं सांगा, मापं नंतर घ्या.' डॉक्टरांनी लगेच मान डोलावली. एवढंसं सांगायला मला किती धीर गोळा करावा लागला!

सेंटर बदलता येत असेल तर बदल. रेल्वे लाईन्स भागात काय, चार पावलांवर दुसरं मिळतं. नवऱ्याला आत घेतात का ते फोनवरच विचारून ठेव, दारात वाद नको. आणि सकाळची पहिली वेळ माग. बाहेरच्या बाकड्यावर तासभर मोठ्या पोटाच्या बायकांच्या रांगेत बसणं ही वेगळीच शिक्षा आहे.

---

तुळजाई | ६ जानेवारी, सकाळी ९.३०

आमच्या वेळी ना सोनोग्राफी होती ना हे आठवडे मोजणं. पाळी चुकली की तिसऱ्या महिन्यापर्यंत कुणी तोंडातून काढायचं नाही. भीती तेव्हाही होतीच की गं, फक्त बोलायची सोय नव्हती. माझं पहिलं गेलं तेव्हा सासूने दुसऱ्याच दिवशी भाकऱ्या थापायला बसवलं. म्हणून म्हणते, हे जे तू लिहिलंस ते चांगलं केलंस.

देवाला मानत असशील तर रूपाभवानीला जाऊन ये, मन हलकं होतं. पण नवस बोलू नकोस. नवस म्हटला की त्याचं आणखी एक ओझं होतं, हे मी केलेलं नाही पण बघितलंय.

---

शुभचिंतक_१००८ | ६ जानेवारी, सकाळी १०.०५

ताई, आमच्या ओळखीचे एक वैद्य गर्भ टिकण्याची पुडी देतात. शंभर टक्के खात्री. इंग्लिश गोळ्या बंद करून घ्यायची. निरोप करा, नंबर पाठवतो.

---

कडकभाकरी | ६ जानेवारी, सकाळी १०.२०

शंभर टक्के खात्री देणारा माणूस दिसला की पळायचं, मग तो वैद्य असो नाहीतर एमडी. घाबरलेल्या बाईच्या दारात असले लोक कसे बरोब्बर येऊन उभे राहतात कोण जाणे. आणि गोळ्या बंद करायला सांगणं हा निव्वळ गुन्हा आहे. थायरॉइडची गोळी अशी बंद केली तर?

---

निवृत्त_सिस्टर | ६ जानेवारी, दुपारी ३.४५

अख्खी नोकरी लेबर रूम आणि एएनसी ओपीडीत (गरोदर बायांच्या तपासणीत) गेली. जरा सविस्तर लिहिते.

घागरीपासून सुरुवात करते. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, त्या दिवशी घरातली प्रत्येक बाई घागरी उचलते. त्यात गरोदर बाया असतातच. घागरीने गर्भ पडत असता तर या गावात पाळणे हलले नसते. पहिल्या तीन महिन्यांतले निम्म्याहून जास्त गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. बीज एकत्र येतानाच गुणसूत्रांची संख्या कमी-जास्त होते, त्या गर्भाची वाढ पुढे होऊ शकत नाही. ते ठरतं तेव्हा तुम्हाला पाळी चुकल्याचंही कळलेलं नसतं. त्यात घागर नाही, जिना नाही, रिक्षाचे धक्के नाहीत, रात्रीचं रडणंही नाही. सासूबाईंना हे वाचून दाखवा. जड उचलू नका हे ठीकच, पण ते पाठीसाठी. आणि तांब्या उचला, हात आखडतील.

पलंगावर पडून राहिल्याने गर्भपात टळतो असंही दिसलेलं नाही. पूर्वी आम्हीच सांगायचो, पलंगाच्या पायथ्याखाली विटा ठेवा, उठू नका. बाया पडून पडून जास्त विचार करायच्या. डॉक्टरांनी खास कारणाने सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

कळलेल्या गर्भारपणांपैकी शंभरात दहा ते वीस अशी जातात, बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत. एकदा झालेल्या बहुतेकींचं पुढचं बाळंतपण नीट पार पडतं. लागोपाठ तीन वेळा होणाऱ्या जोडप्यांचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे. दोनदा किंवा जास्त वेळा झालं असेल तर डॉक्टर रक्ताच्या खास तपासण्या करतात. त्यात अँटीफॉस्फोलिपिड नावाचा, रक्तात गुठळ्या होण्याचा प्रकार सापडला तर अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनने उपाय करता येतो. एकदाच झालं असेल तर एवढं सगळं लागत नाही. थायरॉइड आणि साखर नेहमीच्या तपासणीत होतेच. रक्तगट निगेटिव्ह असेल तर मागच्या वेळी अँटी-डी इंजेक्शन दिलं होतं का, हे मात्र कागद काढून बघा.

मळमळ: ती रोज सारखी नसते. एक दिवस कमी झाली याचा काहीही अर्थ काढू नका. डाग दिसला तर? पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारातल्या एकीला थोडंफार रक्त दिसतं आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं पुढे सगळं व्यवस्थित होतं. दिसलं तर डॉक्टरांना फोन करा. पॅड भिजेल इतकं गेलं, एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, खांद्यात दुखलं किंवा ताप आला तर फोन करत बसू नका. सिव्हिल असो की खासगी, जवळचं दवाखान्याचं दार गाठा.

---

अबोली_जुळे | ६ जानेवारी, रात्री १०.१५

सिस्टर, सासूबाईंना वाचून दाखवलं. 'विटा ठेवा' वर हसल्या, त्यांच्याही पलंगाखाली ठेवल्या होत्या म्हणे. घागरीबद्दल काही बोलल्या नाहीत, पण मघाशी तांब्या माझ्या हातात दिला.

डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकायचं हार्मोन) दिलंय, रात्री आत ठेवायची कॅप्सूल. ती खरंच लागते का?

---

निवृत्त_सिस्टर | ७ जानेवारी, सकाळी ८.००

दिलीय तर घ्या, मनाने बंद करू नका. माहितीसाठी सांगते, ब्रिटनमध्ये चार हजारांहून जास्त बायकांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ज्यांना आधी गर्भपात झालेला आणि या वेळीही सुरुवातीला रक्तस्राव झाला, त्यांना फायदा दिसला. सरसकट सगळ्यांना नाही. आपल्याकडे डॉक्टर बऱ्याचदा खबरदारी म्हणून देतात. एक कॅप्सूल चुकली म्हणून रात्रभर जागायची गरज नाही, एवढं लक्षात ठेवा.

---

चादरवाला | ७ जानेवारी, दुपारी १.३०

पुरुषांनी लिहिलं तर चालतं ना?

आमचं गेलं तेव्हा कारखान्यात सगळे विचारायचे, 'वहिनी कशा आहेत?' मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. पुन्हा राहिलं तेव्हा मी बायकोला सकाळ-संध्याकाळ म्हणायचो, होईल सगळं नीट. एक दिवस ती भडकली. म्हणाली, तुला कसं माहीत? मागच्या वेळीही हेच म्हणाला होतास. बरोबरच होतं तिचं. त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं की मलापण भीती वाटते, सोनोग्राफीच्या दिवशी मला जेवण जात नाही. ती गप्प झाली, मग म्हणाली, बरं झालं सांगितलंस, मला वाटायचं मी एकटीच वेडी आहे.

त्यानंतर आम्ही कामं वाटून घेतली. डॉक्टरांसमोर तिला काही ऐकूच यायचं नाही, कान बंद व्हायचे. म्हणून प्रश्न बिलबुकाच्या मागे मी लिहून न्यायचो, उत्तरंही मीच लिहायचो. घरी आल्यावर ती हवं तेव्हा वाचायची. नेटवर काही शोधायचं असेल तर ते मी शोधणार असं ठरलं. तिने प्रश्न मला द्यायचा. निम्मे प्रश्न मला सांगेपर्यंतच गळून पडायचे.

अबोलीताईंच्या मिस्टरांना सांगा, धीर देण्यापेक्षा वही धरा.

---

मन_मोकळं | ७ जानेवारी, रात्री ९.४०

माहेर सोलापूर, सध्या पुण्यात समुपदेशक आहे. चादरवाला दादांनी नकळत तेच सांगितलं जे आम्ही पैसे घेऊन सांगतो.

अबोली, तुझ्या पोस्टमधलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते 'टेन्शन येण्याचं टेन्शन'. 'विचार करू नकोस, बाळाला लागेल' हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असलं तरी ते बाईच्या डोक्यावर पूर्ण जबाबदारी टाकतं. जणू बाळ टिकणं तिच्या मूडवर अवलंबून आहे. तसं नाही. रोजची काळजी, एखादी रडण्यात गेलेली रात्र, यांनी गर्भ पडत नाही. भीतीवर उपचार करायचे ते तुला त्रास होतो म्हणून, बाळाला धोका आहे म्हणून नाही. हा फरक मनात बसला की निम्मा ताण उतरतो.

आता व्यवहाराचं. बाथरूममध्ये बघणं पूर्ण बंद कर असं मी म्हणणार नाही, ते जमत नाही. गरज असेल तेव्हाच जायचं, बघायचं ते एकदाच, आणि 'ठीक' असं मनात म्हणून बाहेर यायचं. फक्त बघायला जावंसं वाटलं तर दहा मिनिटं थांबायचं, तोवर भांडी लाव, कुणाशी बोल. सुरुवातीला ही दहा मिनिटं असह्य वाटतात. हळूहळू ती ओढ आपोआप उतरते असं अनुभवाला येतं, आणि मेंदू शिकतो की न बघताही काही झालं नाही.

रात्री तीनचा मोबाइल: तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. उशाशी वही ठेव, जो विचार येईल तो लिही आणि 'उद्या संध्याकाळी सहाला' असं त्याच्यापुढे लिही. संध्याकाळी सहा ते सव्वासहा काळजीची वेळ. त्या वेळेत मनसोक्त कर. ऐकायला विचित्र वाटतं, मलाही शिकताना वाटलं होतं, पण भीतीला ठरलेली जागा दिली की ती दिवसभर दार वाजवत फिरत नाही.

श्वासासाठी एकच लक्षात ठेव, श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांब. चारपर्यंत मोजत घे, सहापर्यंत मोजत सोड. सोनोग्राफीच्या बाकड्यावरही कुणाला न कळता करता येतं.

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नाही, कामात लक्ष नाही, छातीत धडधड होऊन जीव घाबरा होतोय, किंवा जगावंसं वाटत नाही असे विचार येत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचंच. शेवटच्यासाठी दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी सांगायचं. सरकारची टेलिमानस ही मोफत फोनसेवा २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. गरोदरपणात देता येतील अशी औषधं आहेत. आणि आधीपासून नैराश्याची वा चिंतेची गोळी चालू असेल तर दिवस गेलेले कळल्या कळल्या ती स्वतःहून थांबवू नका. हे मी दर महिन्याला कुणाला तरी सांगते.

---

पूर्वभाग | ८ जानेवारी, दुपारी ४.२०

अक्कालोक, माझं जरा वेगळं आहे. आमच्या घरी विड्या वळतात. आई वळायची, मीपण. पहिलं गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, तंबाखू हाताळता का? म्हटल्या, या वेळी विड्या बंद, त्याची धूळ नाकातोंडात जाते, घरात कुणी वळत असेल तर त्या खोलीत झोपायचं नाही. आता विड्या बंद म्हणजे आठवड्याचा पगार बंद. मन शांत ठेवा म्हणणारे लई भेटले, पण शांत मनाला पैसे लागतात की. मग नणंदेने माझ्या वाटणीच्या तिच्या घरी नेऊन वळल्या, पैसे मला दिले. माझं टेन्शन त्याने गेलं बगा. सातवा महिना चालू आहे.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, चौथ्या महिन्यापासून. आशाताई सांगतात, त्यांना विचारा.

---

तुळजाई | ८ जानेवारी, संध्याकाळी ६.००

त्या नणंदेला माझा नमस्कार सांग बाळा.

---

अबोली_जुळे | १३ जानेवारी, रात्री ११.००

आज सोनोग्राफी झाली. कडकभाकरी म्हणाली तसं आधीच सांगितलं. डॉक्टरांनी प्रोब ठेवल्या ठेवल्या 'ठोके आहेत' म्हटलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. नवऱ्याने वहीत लिहायचं सोडून माझा हात धरला, त्यामुळे उत्तरं कुणीच लिहिली नाहीत.

बाहेर आल्यावर संध्याकाळपर्यंत छान वाटलं. घरी सासूबाईंनी गूळपोळ्या केल्या होत्या, तीळ उष्ण म्हणून तिळगूळ मात्र दिला नाही. आणि रात्री जेवताना मनात आलं, ठोके दुपारी होते, आत्ता आहेत का कुणाला माहीत? एवढं बघूनही भीती सहा तासांत परत येते म्हणजे माझ्यात काही बिघाड आहे का? घरी ठोके ऐकायचं छोटं डॉप्लर यंत्र मिळतं, ते मागवावं असं वाटतंय.

---

शेंगाचटणी | १४ जानेवारी, सकाळी ६.५५

मागवू नकोस. माझ्या बहिणीने घेतलं होतं. बाराव्या आठवड्याआधी बहुतेक वेळा काही लागत नाही, आणि लागत नाही म्हटल्यावर ती रात्री रडत सिव्हिलला. नंतर लागायला लागलं तर आपलेच ठोके ऐकून खूश व्हायची. नवऱ्याने शेवटी माळ्यावर टाकलं.

---

निवृत्त_सिस्टर | १४ जानेवारी, सकाळी ८.३०

शेंगाचटणी बरोबर. दुसरा धोका जास्त मोठा आहे. पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल खरंच कमी झाली, यंत्रावर काहीतरी धकधक ऐकू आली, आणि बाई घरीच थांबली, असं होतं. खोटा धीर खऱ्या भीतीपेक्षा वाईट.

---

मन_मोकळं | १४ जानेवारी, सकाळी ९.१५

बिघाड नाही. सोनोग्राफीचा धीर असाच असतो, येतो आणि ओसरतो. म्हणून दर चार दिवसांनी करून तो टिकत नाही, उलट पुढची कधी याची तहान वाढते. डॉक्टरांना स्पष्ट विचार: नवव्या आठवड्याच्या आसपास एक जास्तीची करता येईल का, कारण मागच्या वेळी तिथेच थांबलं होतं. मग पुढची अकरा ते चौदा आठवड्यांमधली एनटी (बाळाच्या मानेमागची जाडी बघायची सोनोग्राफी). तारखा कॅलेंडरवर लिहून ठेव. मधल्या दिवसांना तारीख नको, कामं दे.

आणि तो नववा आठवडा आधीपेक्षा वाईट जाणार आहे, हे गृहीत धर. त्या आठवड्यात ऑफिसात मोठं काम घेऊ नकोस.

---

कडकभाकरी | १४ जानेवारी, दुपारी १२.१०

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला जाऊ नकोस हं गर्दीत, अक्षता सोहळा टीव्हीवर बघ. भीती म्हणून नाही, त्या गर्दीत तुला बाथरूम कुठे सापडणार?

---

अबोली_जुळे | २४ जानेवारी, रात्री १०.३०

नववा आठवडा खरंच वाईट गेला. एक दिवस ऑफिसला गेलेच नाही. जास्तीची सोनोग्राफी झाली, वाढ बरोबर आहे. रडले, पण या वेळी रडताना 'बाळाला लागेल' असं वाटलं नाही, हे मात्र नवीन.

एक प्रश्न. मागच्या वेळी क्युरेटिंगनंतर तिसऱ्या दिवशी कामावर गेले होते, पगार कापला. त्यासाठी काही रजा असते का?

---

रेल्वेलाईन | २५ जानेवारी, सकाळी ११.००

असते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातच गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा होती, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे, डॉक्टरांचा दाखला लागतो. आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं पाहिजे. दुकानं-कार्यालयांना हा कायदा साधारणपणे दहा किंवा जास्त माणसं असतील तर लागू होतो. तुमच्या ऑफिसात किती आहेत ते बघा. लहान ऑफिसात साहेबांशी बोलूनच मार्ग निघतो.

---

अबोली_जुळे | २५ जानेवारी, दुपारी १.४०

आम्ही सहा जण आहोत. असो.

अजून एक, सासूबाई तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरायची म्हणतायत. मागच्या वेळी साडी आणून ठेवली होती, ती तशीच कपाटात आहे. मला ती नेसायची नाही.

---

तुळजाई | २५ जानेवारी, दुपारी २.३०

नेसू नकोस. सासूला सांग, ती साडी कुणा गरजू लेकीबाळीला द्या, नाहीतर राहू दे कपाटात. ओटी काय, मूठभर तांदूळ आणि नारळानेही भरते. आणि नको वाटत असेल तर या महिन्यात भरूच नका, सातव्यात भरा. शास्त्र आपल्यासाठी असतं.

---

अबोली_जुळे | २२ एप्रिल, रात्री ९.५०

बरेच दिवसांनी. बावीस आठवडे. अ‍ॅनोमली स्कॅन (बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी) नीट झालं. बाहेर ऊन चाळीसच्या वर, पंख्याखाली पडून लिहितेय. सगळ्यांना सांगून झालंय, ऑफिसात साहेबांनी खुर्चीत उशी आणून ठेवली.

भीती गेली का? नाही. पण आता ती सहाच्या वहीत असते, बहुतेक दिवस. काही दिवस वहीत मावत नाही. गेल्या आठवड्यापासून पोटात हालचाल कळते आणि आता नवं सुरू झालंय, दुपारभर हललं नाही की मी टेबलाखाली पोटाला टिचक्या मारते. सिस्टर, मोजायचं असतं का?

---

निवृत्त_सिस्टर | २३ एप्रिल, सकाळी ७.४०

आत्ता नाही. बाविसाव्या आठवड्यात हालचाल अनियमित असते, बाळ झोपतं, वार (प्लासेंटा) पुढच्या बाजूला असेल तर कमी कळते. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर रोजची लय बसते. तुमच्या बाळाची नेहमीची लय काय ते ओळखायचं, शेजारणीच्या बाळाशी तुलना नको. तेव्हा शंका आली तर डाव्या कुशीवर पडून लक्ष द्या. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत किंवा नेहमीपेक्षा स्पष्ट कमी वाटल्या तर त्याच वेळी दवाखान्यात जायचं, रात्र असली तरी. गोड खाऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. 'उगाच आले' असं वाटायचं कारण नाही, तपासून परत पाठवण्यात आमचं काही जात नाही.

टिचक्या मारा हवं तर. उन्हात पाणी भरपूर प्या, लघवी पिवळीजर्द होऊ देऊ नका. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली लोह-कॅल्शियम वेगवेगळ्या वेळी घेताय ना?